मॅग्नमची ग्रिप बदलली तरी हात दुखतोच? आधी दुखतं कुठे ते बघा

तक्रार नेहमीचीच आहे. .४४ मॅग्नम या दणकट काडतुसाचं, मोठ्या फ्रेमचं (सांगाड्याचं) रिव्हॉल्व्हर घेतलं, पहिला डबा संपायच्या आत हात ठणकायला लागला, म्हणून जाड रबरी ग्रिप, म्हणजे मुठीवरचं आवरण, आणून बसवली. थोडे दिवस बरं गेलं. मग पुन्हा दुखायला लागलं, फक्त जागा बदलली. मग त्याहून मऊ, त्याहून जाड ग्रिप. शेवटी ड्रॉवरमध्ये ग्रिपांचा ढीग आणि रिव्हॉल्व्हर विकायला काढलेलं. रेंजवर भेटणाऱ्या आपल्या मराठी मंडळींकडूनही हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहून ठेवलेलं बरं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: बहुतेक लोक ग्रिपचा मऊपणा बघून ती घेतात. खरं तर आधी माप बघायचं, मग आकार, आणि मटेरियल सगळ्यात शेवटी. आणि माप काय हवं ते दुखण्याची जागाच सांगते.

पुढे जाण्याआधी एक कोरडी पण महत्त्वाची गोष्ट. हे सगळं अमेरिकेतल्या लोकांसाठी आहे. एच-१बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर इथल्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं बाळगायला साधारणपणे बंदी आहे. वैध शिकार परवाना असणं हा त्यातला मुख्य अपवाद. मित्राची बंदूक रेंजवर सहज हातात घेतली, हेसुद्धा ‘बाळगणं’ धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांचा नियम वेगळा. शंका असेल तर वकिलाला विचारा, रेंजवरच्या काउंटरवाल्याला नको. नुसती ग्रिप मात्र पोस्टाने घरी येते, तिला कसला परवाना लागत नाही.

धक्का येतो कुठून

उदाहरण म्हणून स्मिथ अँड वेसनची दोन रिव्हॉल्व्हर घेऊ, कारण तक्रारी मुख्यतः यांच्याच मालकांच्या असतात. स्टेनलेसचं ६२९, चार इंची नळीचं, भरतं सुमारे साडेएकेचाळीस औंस, म्हणजे ११७५ ग्रॅमच्या आसपास. आणि स्कँडियमयुक्त फ्रेमचं ३२९पीडी भरतं साधारण २५ औंस, म्हणजे ७१५ ग्रॅम. फ्रेम दोन्हींची ‘एन’च (स्मिथच्या फ्रेमना मापानुसार अक्षरं असतात: ‘के’, ‘एल’, ‘एन’, ‘एक्स’, चढत्या क्रमाने), काडतूसही तेच. अस्वलांच्या मुलखात, म्हणजे अलास्का, मोन्टाना, वायोमिंगकडे मासेमारीला किंवा ट्रेकला जाणारे लोक दुसरं घेतात, कारण दिवसभर कमरेला जाणवत नाही. (अस्वलासाठी आधी स्प्रे घ्या. रिव्हॉल्व्हर नंतर.)

२४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या वर वेगाने नळीतून निघते, मागून जळलेल्या दारूचा वायू निघतो. दोन्हींचा मिळून जो संवेग पुढे जातो, तेवढाच उलट्या दिशेने रिव्हॉल्व्हरला मिळतो. संवेग तोच आणि वजन कमी, तर हातात येणारी ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. शाळेतलंच गणित. ११७५ ला ७१५ ने भागा: ३२९पीडी तोच बार काढताना हातात १.६ पट ऊर्जा टाकतं. कुठलीही ग्रिप ही ऊर्जा नाहीशी करत नाही. ती ऊर्जा किती क्षेत्रफळावर पसरते, किती वेळात येते आणि हाताच्या कुठल्या भागावर येते, एवढंच ग्रिपच्या हातात असतं.

शिवाय नळी हाताच्या बरीच वर असते, त्यामुळे रिव्हॉल्व्हर नुसतं मागे येत नाही, वरही उसळतं. मागे येणं अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात लागतं. वर उसळणं तळहाताच्या खालच्या भागात आणि मधल्या बोटावर लागतं. ही दोन दुखणी वेगळी, आणि त्यांचे इलाजही वेगळे.

निदान: खडूची पूड आणि एक काडतूस

रिव्हॉल्व्हर रिकामं करा. सिलिंडर उघडा, सगळी घरं डोळ्यांनी बघा, मग करंगळीने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

आता तळहाताला खडूची पूड चोळा आणि नेम धरताना धरता तशी ग्रिप घट्ट धरा. सोडा आणि ग्रिपकडे बघा. काळ्या रबरावर पांढरा छाप स्पष्ट दिसतो. छाप सगळीकडे सारखा उठला असेल तर आकार हाताला जुळतोय. बोटांच्या खाचांच्या फक्त उंच कडांवर पांढरे पट्टे आणि मधे काळंच राहिलं असेल, तर तुमची बोटं खाचांत बसतच नाहीत, ती धारेवर टेकतायत. बार निघाला की त्या कडाच बोटांच्या पेरांवर आपटणार. ज्यांच्या हाताला खाचा जुळत नाहीत त्यांनी सरळ बिनखाचांची ग्रिप घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. खाचा म्हणजे कारखान्याने कुणा दुसऱ्याच्या बोटांचं घेतलेलं माप.

दुसरी तपासणी पोचेची. रिकाम्या रिव्हॉल्व्हरची नळी मनगटाच्या आणि कोपराच्या सरळ रेषेत ठेवून धरा. घोडा न ओढता, म्हणजे डबल अ‍ॅक्शनच्या स्थितीत, तर्जनी ट्रिगरवर ठेवा. पहिल्या पेराचा गुबगुबीत भाग आरामात ट्रिगरवर आला तर ठीक. बोटाचं नुसतं टोक पोचत असेल, किंवा पोचण्यासाठी रिव्हॉल्व्हर हातात फिरवून घ्यावं लागत असेल, तर ग्रिप तुमच्यासाठी जाड आहे, मग ती कितीही मऊ असो.

रेंजवर जाताना .४४ स्पेशलचा एक डबा न्या. १९०७ पासून चालत आलेलं हे काडतूस मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये चालतं, आणि त्याचा जुना सर्वसाधारण भार, २४६ ग्रेनची गोळी आणि सेकंदाला साधारण २३० मीटर, धक्क्याच्या ऊर्जेत मॅग्नमच्या निम्म्यालाही पोचत नाही. आधी ते उडवा. त्यानेही दुखलं तर ग्रिपचा आकारच चुकलाय, धक्क्याला दोष देण्यात अर्थ नाही. स्पेशलने काही झालं नाही आणि मॅग्नमने झालं, तर पुढे वाचा. मॅग्नम भरताना सिलिंडरमध्ये एकच काडतूस भरा. कारण पुढे सांगतो. बार झाल्या झाल्या जिथे चुणचुणलं तिथे स्केच पेनने फुली मारा. घरी येईपर्यंत अख्खा हातच दुखत असतो, मग कुठून सुरू झालं ते आठवत नाही.

फुली बेचक्यात असेल

म्हणजे मागची पोलादी पट्टी, बॅकस्ट्रॅप, उघडी आहे आणि ती थेट बेचक्यात बसते. गोल बटाच्या, म्हणजे मुठीचं खालचं टोक गोल असलेल्या, स्मिथवर येणारी बरीचशी रबरी ग्रिप अशीच असते: दोन्ही बाजूंना आणि पुढे रबर, मागे उघडं लोखंड. दिसताना रबरी दिसते, पण जिथे रबर हवं तिथेच नाही.

इलाज म्हणजे बॅकस्ट्रॅप झाकणारी ग्रिप. ३२९पीडीच्या मालकांत सगळ्यात चालणारा उपाय म्हणजे कंपनीच्याच ५०० मॅग्नमची, ‘एक्स’ फ्रेमची ग्रिप. २००३ मध्ये ते रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा त्याच्यासाठी होग या ग्रिप कंपनीने मागच्या बाजूला धक्का शोषणारं पॅडिंग असलेली रबरी ग्रिप दिली, आणि ती गोल बटाच्या ‘एन’ फ्रेमवरही बसते. वरच्या कडेला जिथे रबर फ्रेमला भिडतं तिथे नीट बसलीय ना ते बघून घ्यायचं. पॅकमायरच्या डिसेलरेटरसारख्या ग्रिपही याच कामाच्या. रूगर सुपर रेडहॉक अलास्कनवर .४५४ कॅसुल या आणखी जोरदार काडतुसासाठी कारखान्यातून होगची टेमर ग्रिप येते. तिचाही मागचा भाग मऊ.

आता याची किंमत. मागे रबर आलं की हात तेवढा मागे सरकतो आणि ट्रिगर तेवढा लांब जातो. काही मिलिमीटरच, पण लहान हाताला ते मिलिमीटर महागात पडतात. पोचेच्या तपासणीत तुम्ही आधीच काठावर असाल तर या ग्रिपने बेचकं वाचेल, पण दुखणं अंगठ्याच्या मुळाशी जाईल. तेच आता बघू.

फुली अंगठ्याच्या मुळाशी असेल

ड्रॉवरभर ग्रिप साठवणाऱ्यांचं खरं दुखणं हे. आणि दुकानदार यावर जे विकतो त्याने ते वाढतं.

ग्रिप जाड असली की बोट ट्रिगरपर्यंत पोचवायला आपण नकळत हात ग्रिपच्या उजवीकडे सरकवतो (उजव्या हाताने बार काढत असाल तर). नळी कोपराच्या रेषेतून बाहेर जाते. बॅकस्ट्रॅप बेचक्यातून सरकून अंगठ्याच्या मुळाच्या हाडावर येतो. आता सगळा धक्का बेचक्यातून मनगटात आणि कोपरात जाण्याऐवजी एका छोट्याशा सांध्यावर पडतो. सांधा दुखला की माणूस म्हणतो, आणखी मऊ ग्रिप पाहिजे. आणखी मऊ म्हणजे आणखी जाड. हात आणखी सरकतो.

इथे इलाज उलटा आहे: पातळ ग्रिप. उघड्या बॅकस्ट्रॅपचीच, पण दोन्ही बाजूंना बारीक आणि तळहातात थोडी भरीव. बेचक्याला थोडा त्रास होईल, तो सोसण्यासारखा असतो, कारण तिथे हाड नाही, स्नायू आहे. नाहीतर बेचक्यावर जेलची पट्टी असलेला शूटिंगचा हातमोजा वापरा, पण त्याची जाडीही पोचेत धरा. हात लहान आणि पोच अजिबातच जमत नसेल तर ‘एन’ फ्रेमचा हट्ट सोडावा. स्मिथचं मॉडेल ६९, ‘एल’ फ्रेमचं पाच गोळ्यांचं .४४ मॅग्नम, २०१४ पासून मिळतंय. त्याची फ्रेम लहान, त्यामुळे ट्रिगर जवळ. वजन ६२९ पेक्षा थोडं कमी, म्हणजे धक्का जास्त. तरी लहान हातात ते जास्त सुखाचं वाटतं, कारण हात योग्य जागी बसतो. शिकारीला टेकू घेऊन सावकाश बार काढायचा असेल तर घोडा आधी ओढून घेता येतो. तेव्हा ट्रिगर मागे येतो आणि पोचेचा प्रश्न बराचसा मिटतो.

अंगठ्याच्या मुळाशी न लागता वरच्या पेरावर कापल्यासारखं लागत असेल, तर तो ग्रिपचा दोष नाही. सिलिंडर उघडायचं जे बटण डाव्या बाजूला असतं त्याची कड लागते, जुन्या मॉडेलांवर जास्तच. अंगठा खाली वळवून धरा किंवा गोलसर कडेचं बटण बसवून घ्या. यासाठी ग्रिपवर पैसे घालू नका.

फुली मधल्या बोटावर असेल

ट्रिगर गार्डच्या मागे फ्रेम आणि बोट यांच्यात जी पोकळी असते ती भरलेली नसली की रिव्हॉल्व्हर उसळताना गार्ड त्याच्याखालच्या मधल्या बोटाच्या सांध्यावर हाणतो. स्मिथच्या जुन्या ‘मॅग्ना’ लाकडी पट्ट्यांवर हे हमखास होतं, कारण त्या पट्ट्या फक्त बाजूंना असतात. टायलरचा टी-ग्रिप नावाचा एक छोटासा धातूचा तुकडा खास ही पोकळी भरायला बनवलेला आहे. जुन्या पट्ट्यांचं रूप आवडत असेल तर तो लावा, नाहीतर पोकळी भरणारी पूर्ण ग्रिप घ्या.

रूगर सुपर ब्लॅकहॉकवाल्यांची गोष्ट वेगळी. १९५९ पासून त्याचा ट्रिगर गार्ड मागच्या बाजूला चौकोनी असायचा आणि तो मधल्या बोटाच्या सांध्यावर जो बसतो, तो कुठल्याही ग्रिपने पूर्ण थांबत नाही. सिंगल अ‍ॅक्शनची (म्हणजे दर बाराला घोडा हाताने ओढावा लागतो अशा रिव्हॉल्व्हरची) नांगराच्या मुठीसारखी ग्रिप, जी १८७३ च्या कोल्टपासून चालत आली, ती हातात वर गुंडाळत जाते. साध्या काडतुसाला ही गोष्ट गुणाची, कारण रिव्हॉल्व्हर फिरून धक्का मुरवतं. जड मॅग्नमला मात्र हीच गोष्ट बोटावर येते. गोल गार्डची फ्रेम किंवा बिस्ली प्रकारची फ्रेम, जिची मूठ जास्त सरळ उभी असते, हा इथे कामाचा उपाय. तो ग्रिपच्या पाकिटात मिळत नाही.

फुली तळहातात, किंवा फुलीच सापडत नाही

तळहाताच्या खालच्या भागात दुखत असेल तर ग्रिपचा तळ बघा. खाली एकदम रुंद होणाऱ्या लाकडी ग्रिपची धार तिथे लागते. कानस आणि पॉलिश पेपरने ती धार गोल करणं अर्ध्या तासाचं काम. रेंजवर बेंचवर बसून बार काढत असाल तर ग्रिपचा तळ लाकडावर टेकवू नका. टेकवला की हाताला वर जायला जागाच मिळत नाही आणि सगळा धक्का तिथेच जिरतो. वाळूच्या पिशवीवर मनगट आणि कोपराच्या मधला हात टेकवा.

दर बाराला हात घसरून नवी पकड घ्यावी लागत असेल तर ग्रिप फार गुळगुळीत आहे किंवा फार जाड. बोटं पुरती वेढा घालत नसली तर चिकट रबरसुद्धा धरून ठेवत नाही.

आणि बोटांना मुंग्या येतायत, बधिरपणा दुसऱ्या दिवशीही जात नाही, असं असेल तर ग्रिपचा विषय तिथेच थांबवा. मॅग्नम बंद, डॉक्टर आधी. नसेला मार बसला असेल तर त्यावर रबर लावून उपयोग नाही.

ऑर्डर करण्याआधी आपली फ्रेम ओळखा

परत पाठवाव्या लागणाऱ्या ग्रिपांपैकी बऱ्याच इथेच चुकलेल्या असतात. स्मिथच्या मोठ्या रिव्हॉल्व्हरचे बट दोन प्रकारचे: जुने चौकोनी, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून गोल. गोल बटावर चौकोनी आकाराची रूपांतर ग्रिप बसते. चौकोनी बटावर गोल ग्रिप बसवायची तर पोलाद तासावं लागेल, तो विचारही करू नका. ‘के’ आणि ‘एल’ फ्रेमची ग्रिप एकमेकांना चालते. ‘एन’साठी जिथे वेगळी ग्रिप दाखवलेली असेल तिथे तीच घ्या.

रूगरमध्ये नावाने फसायला होतं. सुपर रेडहॉकला मागे चौकटच नाही, नुसता एक खुंटासारखा दांडा आहे, आणि तो जीपी१०० सारखाच, म्हणून त्या दोघांच्या ग्रिप अदलाबदल करता येतात. साध्या रेडहॉकला मात्र जुन्या पद्धतीची पूर्ण चौकट आहे, त्याला सुपर रेडहॉकची ग्रिप लागत नाही. नावात एक ‘सुपर’ वाढला की ग्रिप बदलली. खुंटाच्या रचनेचा एक फायदा असा की बेचक्यात पोलाद येतच नाही, सगळीकडे ग्रिपच असते. बदलताना आत ठेवलेली छोटी सुटी करायची पिन पडून हरवणार नाही ते बघा.

रबर, लाकूड की जी-१०

यावर लोक तासन् तास वाद घालतात आणि मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. माप बरोबर असेल तर लाकडी ग्रिपनेही .४४ मॅग्नम सुखाने उडवता येतं. रबर थोडा वेळ वाढवून धक्क्याची धार बोथट करतं आणि घामात घसरत नाही. पण शर्टाला चिकटतं, म्हणून लपवून बाळगणाऱ्यांना नको वाटतं. आणि ह्यूस्टन, फ्लोरिडासारख्या दमट हवेत रबराखाली घाम आणि पाणी साचून निळ्या पोलादाला गंज धरतो. रबरी ग्रिप अधूनमधून काढून आत तेलाचा हात फिरवायला हवा. स्टेनलेसला ही काळजी कमी.

जी-१० म्हणजे काचेच्या कापडाचं आणि इपॉक्सीचं थर दाबून केलेलं मटेरियल. मजबूत, पाण्याने न फुगणारं. पण त्याचं खरखरीत कोरीवकाम मॅग्नमच्या धक्क्याला कातडी सोलतं. ९ मिमीच्या पिस्तुलावर छान, इथे नको.

लाकडात गोंसालो आल्वेस स्मिथने वर्षानुवर्षं वापरलं. कोकोबोलो दिसायला सुरेख, पण कानस चालवणार असाल तर मास्क लावा, त्याच्या भुशाची अ‍ॅलर्जी अनेकांना होते. कोकोबोलो आपल्या शिसवीच्या कुळातलं, आणि शिसवीच्या ग्रिपही मिळतात. २०१७ पासून हे सगळं कूळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आहे, तेव्हा भारतातून जुन्या पलंगाच्या पायाचं लाकूड आणून सुताराकडून ग्रिप करून घ्यायचा बेत असेल तर आधी कागदपत्रं बघा. इथल्याच अक्रोडाच्या लाकडाने काम भागतं.

कोल्हापूर-पुण्याकडे पिस्तूल नेमबाजी केलेले लोक आणखी एक प्रश्न विचारतात: स्पर्धेच्या पिस्तुलाला हातावर मापून, पुटी लावून, कानशीने घासून मूठ करतात, तशी इथे का नको? .२२ ला धक्काच नगण्य, त्यामुळे मूठ हाताला जितकी चिकटून बसेल तितकी चांगली. मॅग्नममध्ये हात थोडा हलणारच. तळहाताखालची फळी आणि खोल खाचा तेव्हा उलट बोटांना मारतात. पुटीचा विचार मात्र चांगला आहे, फक्त ती तळहाताच्या पोकळीत भरा, बोटांमध्ये नको.

बसवताना

स्क्रू खाचेत नेमका बसणाऱ्या टोकाच्या स्क्रू ड्रायव्हरनेच फिरवा, नाहीतर पहिल्याच दिवशी खाच खराब होते. लाकडी पट्टी बसवताना फ्रेमवरची छोटी पिन पट्टीच्या भोकात नीट गेलीय ना ते बघा. पिन अडली असताना स्क्रू आवळला की लाकडाला भेग. मग पट्टीच्या वरच्या कडेशी, फ्रेम आणि लाकूड यांच्यात वर्तमानपत्राची पट्टी घालून बघा. कागद सगळीकडे सारखाच अडला पाहिजे. एका टोकाला सहज आत जातो आणि दुसऱ्या टोकाला शिरतच नाही, असं असेल तर सगळा धक्का त्या एकाच टोकावर येणार आणि लाकूड तिथूनच फुटणार. जिथे अडतो तिथे आतून थोडं घासा.

दर डब्यानंतर स्क्रू ढिला होण्याची तक्रार फार येते. निळ्या लॉकटाइटचा थेंब, तोही फक्त आट्यांवर, किंवा स्क्रूच्या डोक्याखाली पातळ रबरी रिंग, एवढ्याने भागतं. लाल लॉकटाइट लावू नका, पुढच्या वेळी गरम करून काढावा लागेल. जोर लावून आवळणं हा उपाय नाही, लाकूड दबतं आणि आठवड्याने पुन्हा ढिलं.

डाव्या पट्टीची वरची कड रिकाम्या पुंगळ्यांच्या वाटेत येत नाही ना, आणि स्पीडलोडर (सगळी काडतुसं एकदम भरायचं साधन) सरळ आत जातो ना, हे रिकाम्या पुंगळ्या घालून तपासा. बऱ्याच जाड ग्रिप इथे अडतात आणि ते रेंजवर गेल्यावरच कळतं.

एकच काडतूस का

५०० आणि ४६० मॅग्नममध्ये, आणि हलक्या .४४ मध्येही, असं होऊ शकतं की बार झाला, रिव्हॉल्व्हर मागे उसळलं, हातात पुन्हा खाली आलं आणि ट्रिगरवरच्या बोटाने नकळत दुसरा बार काढला. तेव्हा नळी आकाशाकडे असते, किंवा त्याहून वाईट दिशेला. नवी ग्रिप ही नवी पकड आहे, हाताला तिची ओळख नाही. म्हणून नवी ग्रिप बसवल्यावर सिलिंडरमध्ये एकच काडतूस, मग दोन, आणि सगळं ठीक वाटलं की मगच पूर्ण भरा. दुसऱ्याला उडवायला देताना तर एकच, कितीही आग्रह केला तरी. आणि मदतीच्या हाताचं एकही बोट सिलिंडरच्या पुढच्या फटीच्या जवळ नेऊ नका. तिथून बाजूला निघणारा वायू बोट कापतो.

हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये मधेच सिलिंडर फिरेनासा झाला तरी ग्रिपला दोष देऊ नका. धक्क्याने बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात आणि फ्रेमला अडतात. पाच उडवा, सहावं काढून न उडवलेल्या काडतुसाच्या शेजारी उभं करा. लांबी वाढलेली दिसली तर ती काडतुसं त्या रिव्हॉल्व्हरसाठी नाहीत. जास्त घट्ट क्रिंप (पुंगळीचं तोंड गोळीवर दाबलेलं) असलेली, दुसऱ्या कंपनीची बघा.

काढलेली जुनी ग्रिप फेकू नका. पन्नाशी-साठीच्या दशकातल्या .४४ मॅग्नमवरच्या मूळ ‘कोक बॉटल’ लाकडी पट्ट्यांना संग्राहक शेकडो डॉलर देतात. काही जुन्या पट्ट्यांच्या आत, उजव्या बाजूला, रिव्हॉल्व्हरचा नंबर असतो. तो जुळत असेल तर रिव्हॉल्व्हर विकताना पट्ट्या त्याच्यासोबतच द्या, वेगळ्या विकू नका. रबरी ग्रिप लावून उडवा, लाकडी पट्ट्या कापडात गुंडाळून, स्क्रूसकट, डब्यात ठेवा.